टेकडीवरच्या आंधळ्यांची मोजणी

संस्थेत तिला सगळे मोजणीबाई म्हणत. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण तिला ते ठाऊक होतं आणि त्याचं तिला काही वाटतही नसे. सव्वीस वर्षं तिने दुसरं केलं तरी काय होतं? प्राण्याच्या पेशी काचपट्टीवर पसरायच्या, रंगवायच्या, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा आणि आतली गुणसूत्रं मोजायची. एका पेशीतली झाली की दुसरीतली, मग तिसरीतली. अशा पन्नास पेशी मोजून आकडा सारखा आला की तो प्राणी पुरा झाला. तिने वटवाघळं मोजली होती, चिचुंद्र्या मोजल्या होत्या, पण तिचा जीव अडकला होता तो जमिनीखाली राहणाऱ्या आंधळ्या उंदरांत.

वीतभर लांबीचा, राखाडी लोकरीच्या गुंड्यासारखा हा प्राणी. शेपूट बाहेरून दिसत नाही, कानाला पाळी नाही. डोळे आहेत, पण मोहरीएवढे आणि तेही कातडीखाली शिवून टाकल्यासारखे. पुढचे दात ओठांच्या बाहेर असतात, त्यामुळे तोंड मिटून माती खणता येते. दातांनी खणायचं, डोक्याने ढकलायचं, आणि जन्मभर आपल्या बोगद्यात एकट्याने राहायचं. हिवाळ्यात नर-मादी दोन-चार दिवस काय ते एकत्र येतात. एरवी दोघांना एका पेटीत ठेवावं, तर सकाळी त्यातला एकच जिवंत सापडतो.

या प्राण्याच्या वर्गीकरणाने भल्याभल्यांच्या नाकी नऊ आणले होते, कारण बाहेरून सगळे एकसारखे. दरीतला आणि डोंगरापलीकडचा शेजारी शेजारी ठेवले तर सांगता येऊ नये कोणता कुठला. आत मात्र एकाच्या पेशीत अठ्ठावन्न गुणसूत्रं, दुसऱ्याच्या साठ. आकडे जुळले नाहीत की त्यांचा वंश पुढे नीट चालत नाही. म्हणजे एकाच कातडीखाली निरनिराळ्या जाती लपलेल्या, आणि त्या ओळखायच्या तर मोजण्यावाचून इलाज नाही. मोजणीबाईने अशा दोन जाती वेगळ्या काढल्या होत्या. परदेशी नियतकालिकांत तिचं नाव छापून आलं होतं आणि घरी त्याचं कोणालाही काही पडलेलं नव्हतं.

घर म्हणजे आता फक्त दादा आणि वहिनी. ज्या टेकडीच्या पायथ्याशी ती वाढली, तिथेच दादाचं शेत होतं, कांद्याचं आणि गाजराचं. टेकडीवरच्या उंदरांना गावात नुसतं ‘आंधळे’ म्हणत, आणि दादाचं त्यांच्याशी हाडवैर होतं. ओळीने लावलेली गाजरं खालच्या खाली ओढली जायची, वरचा पाला दोन दिवस हिरवा राहायचा आणि मग मान टाकायचा. दादा त्यांच्या बिळांत धुराच्या गोळ्या टाकी. बहीण सुट्टीत आली की त्या गोळ्यांवरून दोघांचं एकदा तरी वाजायचंच.

गंमत अशी की साऱ्या मुलखातले आंधळे मोजणाऱ्या या बाईने आपल्या घरामागच्या टेकडीवरचे कधीच मोजले नव्हते. तिच्या सरांनी चौतीस वर्षांपूर्वी लिहिलेल्या जाडजूड ग्रंथात ती टेकडी दरीच्या हद्दीत घातली होती, आणि दरीतले अठ्ठावन्नाचे, हे तर शाळकरी गणित. सरांच्या हाताखाली ती शिकली होती. त्यांच्या ग्रंथातली रेघ आपण पुन्हा तपासावी, असं तिच्या मनातसुद्धा आलं नाही.

ते आलं एका मेलेल्या उंदरामुळे. दादाच्या कुत्र्याने टेकडीवरून एक तोंडात धरून आणला आणि दादाने तो बहिणीसाठी मिठात घालून ठेवला. मेलेल्या पेशींची मोजणी होत नाही, म्हणून तिने नुसती कवटी साफ केली. टाळूच्या हाडाला दोन बारीक छिद्रं होती. दरीतल्या प्रत्येकाला तिथे एकच असतं. तिने कपाटातल्या एकशे बारा कवट्या काढून पाहिल्या. एकशे बारांना एकेकच छिद्र होतं.

त्याच वर्षी बातमी आली की नव्या बंदराच्या भिंतीसाठी टेकडीचा दगड काढणार. कायद्यात एक कलम होतं. दुसरीकडे कुठेही न सापडणारी प्राण्याची जात त्या जागी राहते असं सिद्ध झालं, तर काम थांबवता येत होतं. सिद्ध करायचं म्हणजे जिवंत प्राणी हवा, त्याची मोजणी हवी आणि जाणकारांनी मान्य केलेला निबंध हवा. तिने दोन दिवस रजा टाकली आणि दादाकडे जाऊन सांगितलं, आता तू तीस वर्षं जे मारलेस त्यातला एक मला जिवंत पकडून दे.

दादा हसला. पण दुसऱ्या दिवशी कुदळ घेऊन तिच्या आधी दारात उभा होता.

त्यांनी सलग अकरा रविवार टेकडी पालथी घातली. उंदराने बाहेर टाकलेल्या मातीचे ढिगारे खूप होते, पण सगळे जुने, पावसाने बसलेले, वर गवत आलेले. चौथ्या रविवारी दादाच्या गप्पा बंद झाल्या. सातव्या रविवारी तो एका ढिगाऱ्यापाशी उकिडवा बसला, माती बोटांनी चुरून पाहिली आणि म्हणाला, “चिमे, इथे पूर्वी पाय ठेवायला जागा नसायची गं.” लहानपणच्या नावाने तो तिला फार दिवसांनी हाक मारत होता. मीच गोळ्या टाकल्या, असं काही तो म्हणाला नाही आणि तिनेही म्हणू दिलं नाही.

अकराव्या रविवारी उत्तरेकडच्या उतारावर त्यांना ओल्या मातीचा ढिगारा दिसला. पालथ्या घमेल्याच्या चौपट मोठा होता. एवढा मोठा ढिगारा फक्त मादी रचते, हिवाळ्यात, आत घरटं करण्यासाठी. दादाने बाजूचा बोगदा हळूच फोडला आणि कुदळ उचलून श्वास रोखून उभा राहिला. आंधळ्याला आपल्या घरात वारा शिरलेला चालत नाही, तो भोक बुजवायला येतो. वीस-बावीस मिनिटांनी भोकाशी माती हलली. दादाने कुदळ उंदराच्या मागच्या बाजूला जमिनीत मारून परतीची वाट बंद केली, आणि मोजणीबाईने जाड हातमोज्यात तो उबदार, चिडून किरकिरणारा जीव उचलला. एकशे अठ्ठेचाळीस ग्रॅम. मादी.

उतरताना दादा पिंजरा स्वतः धरून चालला. वहिनी म्हणाल्या, आमच्या लग्नात सासरी येतानासुद्धा मला यांनी इतकं जपून आणलं नव्हतं.

आता प्राणी जिवंत ठेवूनच मोजणी करायची असं तिने ठरवलं होतं. थेंबभर रक्त काढायचं, त्यातल्या पेशी उबवणीपेटीत तीन दिवस वाढवायच्या आणि मग मोजायच्या. संस्थेची उबवणीपेटी मात्र तिच्याहून वयाने थोडीच लहान होती. पहिल्या खेपेला रक्तात बुरशी धरली. आठवड्याने पुन्हा रक्त काढलं, तर पेटीचं तापमान मध्येच उतरलं आणि पेशी मेल्या. एवढ्याशा प्राण्याचं तिसऱ्यांदा रक्त काढायचं तर दोन आठवडे थांबणं भाग होतं. निर्णय देणाऱ्या समितीची बैठक पाच आठवड्यांवर होती. वेळ होता.

मग एका सकाळी समितीच्या कचेरीतून फोन आला की बैठक अलीकडे घेतली आहे. नऊ दिवसांनी.

तिने फोन ठेवला आणि मादीला वजनासाठी बाहेर काढलं. एकशे त्रेसष्ट ग्रॅम. दादाने पाठवलेली गाजरं अंगी लागली, असं तिने स्वतःला सांगितलं. पण मादी उताणी धरली तेव्हा पोटावरची स्तनाग्रं तिला दिसली होती. ती गुलाबी आणि फुगलेली होती. तिने ती पाहिली आणि मादीला पिंजऱ्यात परत ठेवलं. वहीत नुसतं वजन लिहिलं.

एक दुसरी पद्धत होती, जुनी आणि कधी न फसणारी. प्राण्याला एक इंजेक्शन द्यायचं, त्याने पेशींचं विभाजन मध्यावरच थांबतं. दोन तास वाट पाहायची. मग प्राणी मारून मांडीच्या हाडातला मगज काढायचा. इंजेक्शन टोचलं की मागे फिरता येत नाही. अशी इंजेक्शनं तिने हजारावर दिली असतील. त्या दिवशी दिलेलं अकरा वाजून दहा मिनिटांनी दिलं, आणि पुढचे दोन तास ती खुर्चीवर पिंजऱ्यासमोर बसून राहिली. मादीने गाजराचा तुकडा खाल्ला. मग पिंजऱ्यातल्या कागदाच्या पट्ट्या दातांनी ओढून कोपऱ्यात नेल्या, चावून मऊ केल्या आणि त्यांचा वाटीसारखा गोल करायला घेतला. पट्ट्या संपल्या तेव्हा ती जाळीपाशी येऊन हुंगत राहिली. मोजणीबाईने आणखी दोन कागद फाडून आत टाकले. एक वाजून दहा मिनिटं झाली तेव्हा घरटं जवळजवळ पुरं झालं होतं.

मादीच्या पोटात चार गर्भ होते, चवळीच्या शेंगेतल्या दाण्यांसारखे ओळीने लागलेले.

ती बेसिनपाशी जाऊन उभी राहिली. हात धुतले, पुन्हा धुतले. मग परत आली आणि चारही गर्भांतल्या पेशी वेगवेगळ्या नळ्यांत घेतल्या, कारण ते न करणं आता आणखी वाईट झालं असतं. कोवळ्या पेशी भराभर वाढत असतात, त्यांच्या काचपट्ट्या फार सुरेख उतरतात. त्याही सुरेख उतरल्या.

मादीच्या पेशीत बावन्न गुणसूत्रं होती. पन्नास पेशी मोजल्या, पन्नासांत बावन्न. मग तिने गर्भ मोजले. बाप दरीतला असता तर पिल्लांत दोघांचं निम्मंनिम्मं येऊन पंचावन्न झाली असती. चारही गर्भांत बावन्न होती. म्हणजे बापही बावन्नाचाच होता. ही एकटीदुकटी, चुकून वेगळी निघालेली मादी नव्हती. टेकडीवर एक अख्खी जात राहत होती, आणि हे इतक्या पक्केपणी सांगता येत होतं ते त्या चार गर्भांमुळे.

काचपट्ट्यांची पेटी घेऊन ती सरांकडे गेली.

सर एक्याऐंशी वर्षांचे होते. निवृत्त झाल्यावरही त्यांच्या खोलीत टेबलावर सूक्ष्मदर्शक होता आणि पलंगाखाली नमुन्यांचे खोके. सून चहा ठेवून गेली. त्यांनी काचपट्टी लावली, कितीतरी वेळ मोजत राहिले आणि मान वर न करता म्हणाले, “बावन्न.”

तिने टाळूच्या छिद्रांबद्दल सांगितलं. एका कवटीला एक आणि दुसरीला दोन, असा फोटो त्यांच्यापुढे ठेवला. सरांनी फोटोकडे पाहिलंच नाही. त्यांनी तिला पलंगाखालचा डावीकडचा तिसरा खोका काढायला सांगितला. आत कापसात सहा कवट्या होत्या. चिठ्ठीवर त्यांच्या सुवाच्य अक्षरात टेकडीचं नाव आणि चौतीस वर्षांपूर्वीची तारीख होती. सहाही कवट्यांना दोन-दोन छिद्रं.

तिने एकेक कवटी परत कापसात ठेवली.

“ग्रंथ छापायला गेला होता,” सर म्हणाले. “नकाशे तयार होते. म्हटलं, एका छिद्रासाठी सगळं कुठे उकलत बसायचं. पुढच्या आवृत्तीत घालू.”

“पुढची आवृत्ती निघाली ना सर. दोन निघाल्या.”

“निघाल्या.”

“मी त्या टेकडीखालची आहे. मला नुसतं सांगितलं असतंत तरी मी मोजले असते. तेव्हा शेकड्यांनी होते तिथे.”

“म्हणूनच नाही सांगितलं,” सर म्हणाले. “तू मोजले असतेस.”

बाहेर सून कोणाशी तरी फोनवर बोलत होती, तेवढाच आवाज खोलीत येत होता. सर फार थकलेले दिसत होते, आणि आपल्याला त्यांची कीव यावी की राग यावा हे तिला कळेना. ज्या माणसाकडून ती मोजायला शिकली, ज्याच्या शब्दावर आयुष्यभर विसंबली, त्याने हे पाहून झाकून ठेवलं होतं. पण चार दिवसांपूर्वी तिनेही एक गोष्ट पाहून वहीत लिहिली नव्हती. ती खोका घेऊन उठली. सर म्हणाले, मी समितीला लेखी कळवतो, जे झालं ते सगळं. आणि खरोखरच त्यांनी कळवलं, काही आडपडदा न ठेवता. त्या वयात तसं पत्र लिहिणं सोपं नव्हतं, हे मान्य करायला हवं.

समितीच्या बैठकीत सात माणसं होती, पण बोलले ते एकटे मुख्य अधिकारी. माणूस वाईट नव्हता. त्यांनी निबंध वाचला होता, आकृत्या समजून घेतल्या होत्या. बाहेरच्या दोन तज्ज्ञांनी ही नवी जात असल्याचं कळवलं होतं. साहेबांनी उभं राहून तिचं अभिनंदन केलं, बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. मग साहेब बसले.

“मॅडम, आता मला एवढंच सांगा. हा प्राणी आज टेकडीवर आहे का?”

तिने सांगितलं की आम्ही मादी पकडली तिथे नर असलाच पाहिजे, गर्भांवरून ते सिद्ध होतं.

“होता, हे सिद्ध होतं,” साहेब म्हणाले. “आमच्या माणसांनी बारा दिवस पाहणी केली. एकही ताजा ढिगारा नाही. आणि हे तुमच्या सरांचं पत्र. चौतीस वर्षांपूर्वी शेकड्यांनी होते, असं ते लिहितात. तुम्ही स्वतः लिहिता की अकरा आठवड्यांत एक सापडली. यावरून आम्ही काय समजायचं? कायदा जिवंत प्राण्याला जागा देतो, मॅडम. नोंदीला देत नाही.”

सरांनी मदतीला म्हणून पाठवलेलं पत्र असं उलटं फिरलं. तिने मुदत मागितली. तीस दिवस मिळाले. तीस दिवसांत जिवंत प्राणी, निदान त्याची ताजी खूण दाखवायची.

ती दादाकडेच जाऊन राहिली. मादी गाभण होती हे तिने त्याला पहिल्या दिवशीच सांगून टाकलं. दादा कुदळीच्या दांड्याला पाचर ठोकत होता. त्याचा हात थांबला.

“तुला कळलं नव्हतं?”

“कळलं होतं.”

त्याने पाचर पुरी ठोकली, दांडा हलवून पाहिला आणि म्हणाला, “चल, ऊन चढायच्या आत उत्तरेचा उतार करू.” त्यानंतर त्याने हा विषय कधी काढला नाही. त्याने चार शब्द ऐकवले असते तर तिला बरं वाटलं असतं.

एकोणतीस दिवस ते हिंडले. हे आंधळे बोगद्याच्या छताला डोकं आपटून एकमेकांना खबर देतात. एकाने ठराविक ठेक्यात ठोकलं की पलीकडचा जमिनीतून ते ऐकतो आणि ठोकून उत्तर देतो. तिने संस्थेतून ते टिपणारं यंत्र आणलं होतं. जमिनीत सळी रोवायची आणि तिला जोडलेलं यंत्र कानाला लावून बसायचं. पण टेकडीच्या दक्षिणेला चाचणीची भोकं पाडायला सुरुवात झाली होती आणि सळीतून दिवसभर तेवढीच घरघर ऐकू यायची. जेवणाच्या सुट्टीत यंत्रं अर्धा तास थांबत. त्या अर्ध्या तासात दोघं बहीणभाऊ न बोलता, डबा न उघडता, जमिनीवर पालथं पडून ऐकत. मुंग्यांची चाहूल यायची, खालच्या रस्त्यावरची गाडी यायची.

सव्विसाव्या दिवशी मादीच्या जुन्या ढिगाऱ्यापासून शंभरेक पावलांवर दादाला हाताने चाचपताना एक पोकळ बोगदा लागला. आतली भिंत गुळगुळीत, दाबलेली, कोळ्याचं जाळं नसलेली. त्यांनी बोगदा मुठीएवढा उघडा केला, कुदळ टेकवली आणि बसले. नर आत असेल तर भोक बुजवायला येईलच. त्याला आल्यावाचून राहवणारच नाही, त्याची घडणच तशी. एक तास गेला, दोन गेले. दुपारपर्यंत ऊन सरकत सरकत भोकात शिरलं आणि बोगद्याची आतली माती वाळून फिकी व्हायला लागली. दुसऱ्या दिवशी ते पहाटेच पोचले. भोक उघडंच होतं. तिसऱ्या दिवशी त्यात वाऱ्याने दोन वाळकी पानं जाऊन पडली होती.

तरी दादा उठायला तयार नव्हता. शेवटी तिनेच त्याच्या हातातली कुदळ घेतली.

मुदत संपली, काम सुरू झालं. पहिल्या सुरुंगाला दादाच्या घराच्या काचा थरथरल्या, नंतर सवय झाली. निबंध छापून आला. नव्या जातीच्या शास्त्रीय नावात तिने गावातला ‘आंधळे’ हाच शब्द घातला. सरांनी आपलं नाव कुठेही देऊ नको म्हणून निरोप पाठवला होता. तो निरोप नसता तरी तिने ते दिलं नसतं. निबंधातल्या साहित्य आणि पद्धतीच्या परिच्छेदात तिने एक वाक्य घातलं होतं की नमुना घेताना मादी गाभण असल्याची लक्षणं दिसत होती. संपादकाने ते अनावश्यक म्हणून काढलं. तिने पुन्हा घातलं. त्याने पुन्हा काढलं.

निबंधाचा गाजावाजा बराच झाला. संस्थेला नवी उबवणीपेटी मिळाली, तापमान दशांशात दाखवणारी. संचालकांनी तिला पेढीवर नव्या खातेदाराला बोलवावं तसं हसून खोलीत बोलावलं आणि पेटीचं उद्घाटन तिच्याच हस्ते केलं. तिने बटण दाबलं.

वर्ष उलटल्यावर एका सकाळी दादाचा फोन आला. त्याला दम लागला होता. गाजराच्या शेवटच्या तीन ओळी खाली ओढल्या गेल्या होत्या, आणि बांधाला, टेकडीच्या बाजूने, ओल्या मातीचे चार ढिगारे होते.

“चार, चिमे. मी हात नाही लावला. तू ये.”

ती पहिल्या मिळेल त्या गाडीने गेली. ढिगारे खरे होते, ताजे होते. दादाने भोक पाडलं आणि दहा मिनिटांच्या आत एक धट्टाकट्टा नर माती ढकलत तोंडाशी आला. वर्षभरात दादाने शेतात एकही गोळी टाकली नव्हती, हे तिला वहिनींकडून कळलं. त्याने पिंजऱ्यात आधीच गवत घालून ठेवलं होतं. ती निघताना त्याने विचारलं, मारावं तर लागणार नाही ना? ती म्हणाली, नाही, आता रक्ताच्या एका थेंबावर होईल.

नव्या पेटीत पेशी उत्तम वाढल्या. चौथ्या दिवशी तिने काचपट्टी रंगवली, वाळवली आणि डोळा लावला. पहिल्या पेशीत अठ्ठावन्न होती. दुसरीत अठ्ठावन्न. तिने पन्नास पेशी पुऱ्या केल्या, मग दुसरी काचपट्टी घेऊन आणखी पन्नास. टेकडीच्या पायथ्याची जागा मोकळी पडली होती आणि दरीतले तिथे वर सरकले होते. त्यात कोणाचा काही दोष नव्हता. मोकळ्या जागेचं असंच होतं.

तिने दादाला फोनवर आकडा सांगितला. तो म्हणाला, परत घेऊन ये त्याला, इथलाच आहे तो.

रविवारी ती नराला घेऊन गेली. टेकडीचा अर्धा भाग आता नव्हता. जिथे उतार होता तिथे उभी पांढरी भिंत होती आणि तिच्या पायाशी पिवळी यंत्रं रांगेत उभी होती. दादाने बांधाजवळची थोडी माती भुसभुशीत करून दिली. तिने पिंजरा आडवा केला. नर बाहेर आला, डोकं इकडेतिकडे फिरवून त्याने हवा हुंगली, मग दात जमिनीत रोवले आणि बघता बघता अर्धा आत गेला.

“गाजरं खाणार हा,” दादा म्हणाला.

“खाईल,” ती म्हणाली.

मातीचा ढीग आतून दोनदा हलला आणि थांबला. वहिनींनी घरातून जेवायला हाक मारली. दादाने रिकामा पिंजरा उचलला. ती हात झटकत त्याच्या मागून चालायला लागली.